अंगठ्याची जागा

बाबांचा फोन आला तेव्हा टेबलावरच्या काचेवर मी चांदीचं पाणी नुकतंच ओतलं होतं. अशा वेळी फोन घ्यायचा नसतो. पाणी आधी मळकट चहासारखं दिसतं, मग गर्द तपकिरी होतं, आणि मग आतून कुणीतरी डोळा उघडावा तशी काच एकाएकी बघायला लागते. तोवर काचेला धक्का लागता कामा नये, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं. म्हणजे या वेळी मी काय करत असेन हे जगात कुणाला कळत असेल तर त्यांनाच. मी कोपरानं बटण दाबलं. पलीकडून त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला, आणि मग, पाव आणायला सांगावं तशा सुरात, "ऐक गं, मी लग्न करतोय." माझी मांडी टेबलाच्या पायाला लागली. पाणी एका कडेला ओघळलं, डोळा उघडता उघडता तिरळा झाला. केस कापायच्या दुकानाच्या आरशाची काच होती ती, वाया गेली. "कुणाशी?" मी विचारलं. "कुणाशी म्हणजे? चिमणीशी." त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही, काहीतरी तोंडदेखलं बोलले असणार, कारण बाबांचा आवाज एकदम सैल झाला. "आणि हे बघ, तिचं म्हणणं आहे, विकतचं कुणी काही आणायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं केलेलं आणायचं. ज्यांना सुचत नाही त्यांना ती स्वतः फोन करून सुचवतेय. तुझ्या आत्याला जोडीच्या टोप्या विणायला सांगितल्यात. काकाला स्टूल." "आणि मला?" "तुला काय सुचवायचं? तू आरसा करशील." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. फोन ठेवल्यावर मी त्या वाया गेलेल्या काचेत पाहिलं. अर्ध्या भागात माझा चेहरा होता आणि उरलेल्या अर्ध्या भागातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

आरसा. त्या घरात, त्या खोलीत, त्या भिंतीवर. आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर अजूनही एक लांबट अंडाकृती फिकी जागा आहे. भोवतीचा रंग वर्षानुवर्षांच्या उजेडानं आणि स्वयंपाकाच्या धुरानं पिवळसर झाला, आणि आरशामागे होती तेवढी जागा कोरी राहिली. वरच्या टोकाला खिळा आहे. आई शेवटची आजारी होती तेव्हा बाबांनी तो आरसा एका सकाळी खिळ्यावरून उतरवला आणि काखेत घालून बाहेर नेला. "चांदी गेलीये त्याची, पुन्हा चढवून आणतो," म्हणाले. तो आरसा परत आला नाही. आई विचारायची. आधी रोज विचारायची, मग अधूनमधून, मग नुसती त्या फिक्या जागेकडे बघत राहायची. "आरसा आणा ना," म्हणायची. बाबा तिची उशी सारखी करायचे आणि म्हणायचे, "आणतो, आणतो." पिढ्यान्‌पिढ्या आरसे करणाऱ्यांच्या घरातली बाई आरशाशिवाय गेली. मी एकदा माझ्या दुकानातला लहानसा आरसा नेऊन तिच्या हातात दिला होता, तर तिनं तो उलटा करून पांघरुणावर ठेवला आणि म्हणाली, "हा नको गं." मी समजले की तिला आपला उतरलेला चेहरा एवढ्या जवळून बघवत नाही. आणि बाबांबद्दल मी जे समजले ते मनात दगडासारखं बसून राहिलं: त्यांनीच तिला पुसून टाकलं, ती असतानाच. तिचे केस गेले, गाल बसले, तेव्हा त्यांना ती खोलीत एकदा दिसत होती तेवढी पुरे झाली, आरशात दुसऱ्यांदा नको होती.

आणि त्याच खोलीत चिमणी होती. आईच्या सेवेला रोज येणारी बाई. ती तिचं अंग पुसायची, औषध द्यायची, सतत काहीबाही बोलायची. चिमणी हे नाव आईनंच ठेवलेलं, आणि मला वाटायचं ते तिच्या अखंड चिवचिवाटामुळे. मी तिला कायम वाकलेलीच पाहिली होती. पलंगावर वाकलेली, बादलीवर वाकलेली, आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताना, आणि आई चक्क हसताना. मला कधी तसं हसवता आलं नाही तिला. मी यायची, बसायची, घड्याळाकडे बघायची. माझ्या बोटांवर चांदीच्या पाण्याचे काळे डाग पडलेले असायचे, कितीही घासले तरी न जाणारे, आणि आईला हात लावताना मला ते लपवावेसे वाटायचे. चिमणीचे हात स्वच्छ होते. आई गेल्यावर वर्ष सरायच्या आत तेच स्वच्छ हात बाबांच्या हातात.

राग किती तऱ्हांनी येतो. मोठ्यानं येणारा राग मला माहीत आहे, बाबांचा तसा होता. भांडं आपटलं की संपला. माझा राग हा आमच्या कामासारखा. आधी काच घासायची, खडूच्या पुडीनं, गोल गोल, पुन्हा पुन्हा. मग धुवायची, मग कथिलाचं पाणी फिरवायचं, मग परत धुवायची. घाई केली की बिघडलं. आठवडाभर मी तो राग तसा घासत बसले. दर आठवड्याला जाते तशी प्रार्थनेच्या सभागृहातही गेले. तिथले म्हातारे बुवा गाऊन निरूपण करतात. आईला त्यांचं भारी वेड. शेवटी शेवटी तिला नेता यायचं नाही तर मी घरी येऊन, जमेल तसं, बेसूर, तिला गाऊन दाखवायची आणि ती माझं चुकलेलं पद डोळे मिटून ओठांनी दुरुस्त करायची. त्या दिवशी बुवांनी नेमकं काचेचं पद धरलं. "पुसा," ते गात होते, "पुसा रे पुसा, पुसता पुसता पुसणाराही पुसला जाऊ द्या," आणि सगळं सभागृह मागे म्हणत होतं, मी पण म्हणत होते, टाळी धरून. आणि त्याच वेळी, देवा, तुझ्यासमोर बसून, तुझं नाव तोंडात असताना, मला ते सुचलं. भक्तीत मन मोकळं होतं म्हणतात. माझं मोकळं झालं आणि त्यात हे येऊन बसलं.

आईच्या आरशावर एक डाग होता. वरच्या बाजूला, जरा डावीकडे, चिंचोक्याएवढा, कडेनं करडा आणि मधे काळा. आमच्या धंद्यात असा डाग कशानं पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. चांदी चढवण्याआधी स्वच्छ केलेल्या काचेला बोट लागलं की तिथे अंगाचं तेल राहतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. चांदी वरून बसते, मागून रंग लागतो, आरसा घरी जातो, लोक त्यात बघून हसतात. काही वर्षांनी तिथली चांदी सुटायला लागते, हळूहळू काळी पडते, आणि कुणाचं तरी बोट आतून वर येतं. म्हणून तर बाबा मला काचेला कडेनंच धर म्हणून ओरडायचे. आणि त्यांनीच आपल्या बायकोच्या आरशाला बोट लावून ठेवलेलं. लहानपणापासून मी हे असंच धरून चालले होते. आई सकाळी केस विंचरताना ओलं बोट नेमकं त्या डागावर फिरवायची. रोज. जायचा नाही हे तिला माहीत होतं तरी. तो डाग बरोबर तिच्या कपाळावर यायचा, आणि मला वाटायचं, माझी आई जन्मभर नवऱ्याचा निष्काळजीपणा कपाळावरून पुसत बसलीये.

तर आता चिमणीनंही पुसावा.

कागदी साचा माझ्याकडे होता. आईच्या आरशाचा, बाबांच्या हातचा, कडा पिवळ्या पडलेला, डागाच्या जागी मी लहानपणी पेन्सिलीनं केलेल्या गोलासकट. त्याच मापाची काच कापली. खरं सांगायचं तर एवढ्या मन लावून मी कधी कुठली काच घासली नव्हती. सकाळचं ऊन दुकानाच्या मागच्या खिडकीतून तिरपं येत होतं आणि काच अशी झाली होती की आहे की नाही कळेना. बोटं पलीकडे जातील असं वाटलं. बुवा असते तर म्हणाले असते, बघा, पुसली गेली. मग मी उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठा आधी मानेवरून फिरवला, घामाला, मग केसांत, आणि साच्यावरच्या गोलाच्या जागी टेकवला. दाबला. कुणाच्या तरी कपाळावर ठेवतात तसा. मला थरथर वाटेल, लाज वाटेल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. छान वाटलं. भूक लागावी तसं छान वाटलं. मी मनाशी त्या बाईला म्हणाले, बाई गं, तू चिवचिवत राहा, टोप्या घाल, स्टुलावर बस. मी वाट बघेन. कधीतरी एका सकाळी तू केस विंचरत असशील, आणि तुझ्या कपाळावर एक करडा ठिपका उगवेल. तू आमटीचा शिंतोडा समजून पुसशील. दुसऱ्या दिवशी परत पुसशील. मग मी चांदीचं पाणी ओतलं. काचेनं डोळा उघडला. एवढा स्वच्छ आरसा माझ्या हातून आजवर उतरला नव्हता.

लग्न एका सरकारी खोलीत झालं. सह्या झाल्या, साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि सगळे घरी जेवायला आले. सगळे म्हणजे आत्या, काका आणि मी. आत्यानं टोप्या आणल्या होत्या त्यांतली एक दुसरीच्या दुप्पट झाली होती. "लोकर संपेना," आत्या म्हणाली, "मग म्हटलं, भावाचं डोकं मोठंच आहे." काकाच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, तो प्रत्येकाला पटवत होता की फरशीच वाकडी आहे. चिमणी हसत होती, प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी बघत होती, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घरभर फिरत होती. "अहो, हे बघा ना," बाबांना म्हणत होती, "मला कुणी विचारलं तर सांगीन, डोळे झाकून लग्न केलं." काका खो-खो हसला. बाबाही हसले. त्या घरात एवढं हसणं ऐकून माझ्या दातांना कळ आली. मी आरसा गुंडाळलेलाच ठेवला होता.

"दाखव की," बाबा म्हणाले. मग त्यांनीच तो उचलला, एकट्यानं, आणि आतल्या खोलीत नेला. मी मागे गेले. त्यांनी कागद काढला, आरसा खिडकीकडे धरला, आणि जे ते नेहमी करायचे तेच केलं: समोरून बघितलंच नाही. कडेला डोळा लावला आणि काच हळूहळू कलती करत गेले, तिच्यावरून उजेड घरंगळू देत. त्यांचे हात थरथरत होते. ते किती वर्षांपासून थरथरतात ते मला सांगता येणार नाही. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आरसा एका जागी थांबला. तो कोन मला माहीत होता. त्या कोनात, कुणा कसलेल्या माणसालाच, चांदीवर ओला श्वास पडल्यासारखी सावली दिसते.

मी पकडले गेले. आणि खरं म्हणजे जरा आनंदही झाला. बरं झालं, कळू दे. विचारू देत, मग मीही विचारते.

"अंगठा ठेवलास," बाबा म्हणाले.

मी जमिनीवरचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"त्याच जागी ठेवलास." त्यांनी आरसा पलंगावर टेकवला आणि शेजारी बसले. "तुला आईनं सांगितलं होतं होय? मला वाटलं, तुला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तो ठसा तुझा होता ना. अगं, तुझाच. तू कडेवर होतीस तिच्या. मी काच धुऊन उभी केलेली, आता ओतणार, तर ही तुला घेऊन आली दाखवायला, आणि तू हात पुढे केलास. टेकवलास अंगठा. मी अस्सा भडकलो! म्हटलं आता सगळं पहिल्यापासून. तर ती म्हणाली, राहू द्या. म्हटलं, अगं डाग पडेल. म्हणाली, पडू दे की." ते जरा हसले. "मग वाट बघत बसली बया. रोज मला विचारायची, अजून आला नाही का हो. तू शाळेत जायला लागल्यावर आला तो वर."

"ती पुसायची तो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"पुसायची कुठली? बोट ठेवायची त्यावर."

मी फिक्या जागेकडे बघितलं. मग मी विचारलं; कारण एवढं सगळं ऐकूनही मनातला दगड हलला नव्हता, उलट त्याला धार आली होती. तिला चेहरा बघायचा नव्हता, म्हणजे तिला तो डागच हवा होता. "मग नेलात कशाला तो? ती मागत होती. मरेपर्यंत मागत होती. तुम्ही दिला नाहीत."

बाबांनी हात मांडीखाली घातले, थंडी वाजल्यासारखे. "चांदी पोखरत गेली होती गं. सगळा काळा पडत चालला होता. तो तेवढा डाग नीट दिसेना तिला. मला वाटलं, भोवतालचं खरवडतो, तेवढा ठेवतो, आणि बाकीची नवी चढवतो. कुणी करत नाही असं. मला वाटलं, मी करीन. पण हात घसरला."

बाहेर काका स्टुलाखाली कागदाची घडी सारत होता आणि आत्या त्याला म्हणत होती, "अरे, घडी फरशीखाली घाल, फरशी वाकडी ना?"

"कोरी काच उरली," बाबा म्हणाले. "कपाटामागे आहे. तिला काय दाखवणार? आणि तुला काय सांगणार? तूच करून देशील नवा, असं म्हणायला तोंड नव्हतं. चिमणीला माहीत होतं. ती तुझ्या आईला रोज काहीतरी बनवून सांगायची, आज दुकान बंद होतं, आज रंग ओला आहे. तुझी आई हसायची. तिला कळत असणार."

राग जातो म्हणतात तसा माझा गेला नाही. त्याला बसायला जागा उरली नाही एवढंच. तो त्या खोलीत उभा राहिला, माझ्याबरोबर, अवघडून. मला एवढंच वाटत होतं की मी जे केलं ते यांनी माझ्याकडून हिसकावून घेतलं. मी सुरी आणली आणि यांनी तिला फूल समजून पाण्यात ठेवलं. यांना सांगावं का? सांगावं का, बाबा, मी आठवणीनं नाही ठेवला, मी त्या बाईच्या कपाळावर ठेवला? तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चिमणी आत आली, टोपी अजून डोक्यावर, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात नवा खिळा, कानामागे पेन्सिल.

"आणला ना? बघू, बघू. अगं बाई! कसला सुंदर गं!" हातोडी-खिळा पलंगावर टाकून ती आरशासमोर उकिडवी बसली, टोपी काढली, केस सारखे केले. मग उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, त्या फिक्या जागेला पाठ लावून, लहान मुलं उंची मोजायला राहतात तशी. आणि मी तिला पहिल्यांदा उभी पाहिली. म्हणजे तशी ती सकाळपासून उभीच होती, पण मी पाहिलं आत्ता. तिचं डोकं त्या जागेच्या मधोमधसुद्धा पोचत नव्हतं. चिमणी. आई बडबडीवरून म्हणत नव्हती तर.

"तूच सांग," ती मला म्हणाली. "हे म्हणतात, जुना खिळा आहे त्यावर लाव. पण तो तुझ्या आईच्या उंचीचा, मला नुसता चेहरा दिसणार खालच्या कडेला. नवा खिळा खाली मारला तर नीट दिसेन. पण तू केलायस, तू म्हणशील तिथे." तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. "कर खूण."

मी आरसा उचलून भिंतीला लावला. वीतभर खाली. चिमणी समोर येऊन उभी राहिली आणि आरशात तिचा अख्खा चेहरा आला, गळा आला, खांदे आले. आणि तिच्या कपाळावर, जिथे आत्ता काही नव्हतं, तिथे माझा अंगठा होता. अगदी हवा तिथे. नेम धरून मारल्यासारखा. एक पेन्सिलीची रेघ ओढली की झालं. बाबा पलंगावरून बघत होते. त्यांना जागा माहीत होती. ते आरशाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, मी पहिल्यांदा चांदी ओतली तेव्हा बघत होते तसे, श्वास धरून. आणि मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. मघाचपासून माहीत आहे. अंगठा कशासाठी ठेवला ते उजेडात दिसत नाही, पण या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे वाचलेत.

चिमणी आरशातून माझ्याकडे बघून हसली. "बरी दिसतेय की."

मी आरसा वर सरकवला. हळू, काच भिंतीला घासू न देता. तिचे खांदे गेले, गळा गेला, हनुवटी कडेला येऊन टेकली. मागच्या तारेला जुना खिळा सापडला आणि आरसा त्या फिक्या जागेवर असा बसला की तिची फिकी कड कुठेच बाहेर दिसेना.

"इथेच," मी म्हणाले.

"अगं, मग मला रोज टाचा उंच कराव्या लागतील."

"लागतील," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली, आणि खरंच टाचा उंच करून बघितलं, पुन्हा खाली आली, आणि काकाला हाक मारली, "अहो भावजी, ते तुमचं स्टूल आणा बरं इकडे!" ती बाहेर गेली. बाबांनी नवा खिळा उचलून खिशात टाकला. आरसा अजून जरा हलत होता. मी त्याला थांबवायला समोर गेले, दोन्ही कडांना हात लावून, कडेनंच, आणि नजर वर केली. आईएवढीच आहे मी. आतून माझा चेहरा बघत होता, स्वच्छ, कुठे काही नाही. डाग यायला अजून कितीतरी वर्षं होती, आणि तो नेमका कुठे येणार ते मला दिसत होतं. मी बोट ओलं केलं आणि तिथे ठेवलं.